टाकलेल्या पावावर बर्लिन ते कोपनहेगन

साताऱ्याच्या आमच्या घरात अन्नाच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. ताजं, मग शिळं, मग आंबूस, मग विटलेलं. या रांगेपासून बाजूला उष्टं आणि खरकटं. कशाचं काय करायचं ते आजीला विचारावं लागत नसे. शिळी भाकरी ताकात कुस्करून, शिळा भात फोडणीला, खरकटं म्हशीच्या आंबोणात. बर्लिनला राहायला आलो तेव्हा या यादीत न बसणारं अन्न पहिल्यांदा पाहिलं. शेजारणीच्या स्वयंपाकघरात टेबलावर सीलबंद दह्याचे अकरा डबे होते. तारीख कालची. ना शिळं, ना उष्टं, ना विटलेलं. नुसतंच टाकलेलं.

ही शेजारीण फूडसेव्हर आहे. जर्मनीत २०१२ मध्ये ‘फूडशेअरिंग’ नावाची चळवळ सुरू झाली. तिचे स्वयंसेवक ठरलेल्या वेळी दुकानांत, बेकऱ्यांत जातात, टाकायला काढलेलं अन्न उचलतात, स्वतः खातात, वाटतात, आणि उरलेलं ‘फेअरटायलर’मध्ये, म्हणजे कुणीही ठेवावं आणि कुणीही न्यावं अशा सार्वजनिक फ्रिजमध्ये ठेवतात. बातिस्त द्युबांशे या फ्रेंच तरुणाची गोष्ट तिनेच सांगितली. २०१४ मध्ये तो पॅरिसहून वॉर्साला सायकलने गेला, सुमारे ३००० किलोमीटर, आणि वाटेत फक्त टाकलेलं किंवा टाकलं जाणार असलेलं अन्न खाल्लं. मी म्हटलं, आपण वॉर्सा सोडू, कोपनहेगन करू. बर्लिन ते कोपनहेगन असा आखलेला सायकलमार्गच आहे, साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. ती म्हणाली, रोस्टोकपर्यंत येते, पुढे तुझं तू बघ.

नियम ठरवले. अन्नावर एक पैसा खर्च करायचा नाही. आमच्यासाठी म्हणून कुणी शिजवलेलं घ्यायचं नाही. कुंपण चढायचं नाही, कुलूप तोडायचं नाही. हा शेवटचा माझ्या आग्रहाखातर, कारण तिच्याकडे जर्मन पासपोर्ट आहे आणि माझ्याकडे दर काही वर्षांनी नवा करून घ्यावा लागणारा राहण्याचा परवाना. पाणी नळाचं. तंबूच्या जागेचं भाडं, बोटीचं तिकीट यांचे पैसे द्यायचे. आणि एक सवलत मी मागून घेतली: गोड्या मसाल्याची डबी, मोहरी-हळदीची पुडी, मीठ आणि तेलाची छोटी बाटली. तिने हसत मान्य केलं. पुढे सगळ्यात जास्त मसाला तिनेच संपवला.

ही सप्टेंबर २०१९ ची गोष्ट. लिहायचा आळस माझा.

पहिला दिवस, शुक्रवार. बर्लिन ते त्सेडेनिक.

सकाळी सात वाजता गल्लीतल्या अंगणातला फेअरटायलर उघडला. चार अख्खे पाव, ढोबळ्या मिरच्यांचा अर्धा क्रेट, धुऊन चिरलेल्या सॅलडच्या पिशव्या, हुमुसचे दोन डबे, केळी. फुकटचं दिसलं की हात मोकाट सुटतो. मी तीन पाव आणि नऊ मिरच्या उचलल्या. शेजारणीने शांतपणे दोन पाव आणि पाच मिरच्या परत ठेवल्या. “नंतर कुणीतरी येणार आहे,” एवढंच म्हणाली. दोन मिनिटांत एक म्हाताऱ्या बाई चाकाची पिशवी ओढत आल्याच. आम्हाला पाहून त्या थबकल्या, आम्ही बाजूला झालो, आणि त्यांनी आमच्याकडे पाठ करून पिशवी भरली. माझ्या खिशात बँकेचं कार्ड होतं. हा प्रवास हा खेळ आहे, ही जाणीव पहिल्याच तासाला झाली ते बरं झालं.

फ्रिजच्या दारावर काय ठेवायचं नाही त्याची यादी होती: कच्चा खिमा, कच्ची मासळी, कच्च्या अंड्याचे पदार्थ. जर्मनीत दोन वेगळ्या तारखा असतात आणि सगळा घोळ तिथे आहे. खिमा-मासळीसारख्या नाशवंत मालावरची तारीख गेली की तो विकताच येत नाही. दही, चीज, बिस्किटं, पास्ता यांच्यावरची तारीख मात्र ‘किमान इथपर्यंत उत्तम’ एवढंच सांगते. ती उलटल्यावर विकायलासुद्धा कायद्याची आडकाठी नाही, फक्त जबाबदारी दुकानदाराची. पण ती घेण्यापेक्षा डबा कचऱ्यात टाकणं सोपं पडतं.

हावेल नदीच्या काठाने सत्तरेक किलोमीटर. त्सेडेनिकच्या आसपास तळीच तळी. हे सगळे विटांसाठी माती काढलेले खड्डे. इथल्या विटा होड्यांतून बर्लिनला जायच्या. रात्री तंबूपाशी मिरच्या आणि हुमुस, वर मोहरीची फोडणी. सॅलडच्या पिशवीला पाणी सुटलं होतं, पण वास ठीक होता. शेजारीण वास घेते तेव्हा डोळे मिटते. आजीही मिटायची.

दुसरा दिवस. त्सेडेनिक ते वेझेनबेर्ग.

फ्युर्स्टेनबेर्गच्या अलीकडे रावेन्सब्रुक लागतं. १९३९ पासून १९४५ पर्यंत इथे नाझींची स्त्रियांसाठीची छळछावणी होती. तळ्याकाठी, समोर गावातल्या चर्चचा मनोरा दिसतो इतक्या जवळ. आम्ही सायकली भिंतीला टेकवल्या आणि आत गेलो. पोटात सकाळपासून कोरडा पाव होता आणि मी मनातल्या मनात कुरकुरत होतो. तिथे ती कुरकुर मला आठवू नये असं वाटत राहिलं. बाहेर आल्यावर शेजारणीने सांगितलं, १९९१ मध्ये या स्मारकाकडे येणाऱ्या रस्त्यावर एक सुपरमार्केट बांधलं जात होतं. देशोदेशींहून निषेध झाला आणि ते काही उघडलं नाही. पुढचे दहा किलोमीटर आम्ही दोघंही बोललो नाही.

दुपारी एका गावात बेकरी बंद व्हायच्या वेळी जाऊन उभा राहिलो. वाक्य पाठ केलं होतं: आज जे टाकणार आहात त्यातलं काही देता का? काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, “आम्ही काही टाकत नाही.” त्यांच्या मागे फळीवर पंधरा-वीस पाव होते आणि घड्याळात बंद व्हायला चार मिनिटं. दुसऱ्या बेकरीत “वरून परवानगी नाही.” तिसऱ्या बेकरीतल्या मुलीने दाराबाहेर डोकावून पाहिलं आणि कागदी पिशवी हातात कोंबली. सात ब्रोट्शन, म्हणजे मुठीएवढे पाव, दोन प्रेत्झेल आणि सफरचंदाच्या केकचा तुकडा. “माझी आजी ओरडली असती,” ती म्हणाली. कशाला ओरडली असती, पाव टाकण्याला की देण्याला, हे विचारायचं राहिलं.

बेकऱ्यांचं गणित असं की संध्याकाळी सहाला येणाऱ्या गिऱ्हाइकालाही फळी भरलेली दिसली पाहिजे. रिकामी फळी दिसली की तो शेजारच्या दुकानात जातो. म्हणून शेवटच्या तासालाही भट्टी चालू. उरलेला पाव मग जनावरांच्या खाद्यात किंवा बायोगॅसला. काही बेकऱ्या कालचा पाव अर्ध्या किमतीत विकतात, तशी पाटीही लावतात. पण माल संपवून रिकाम्या फळीनिशी दुकान बंद करण्याची हिंमत फार थोड्यांकडे. आपल्याकडे दुपारी एकला ‘वडे संपले’ म्हणणारा दुकानदार आठवला. तो उर्मट वाटायचा. आता वाटत नाही.

तिसरा दिवस, रविवार. वेझेनबेर्ग ते वारेन.

रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात. आम्हा दोघांना ठाऊक असूनही आम्ही तो रविवार नेमका म्युरिट्झच्या राष्ट्रीय उद्यानात आणून ठेवला होता. शहाणपणाची कमाल. जंगल, तळी, क्रौंचांचे आवाज आणि एकही दुकान नाही. सकाळी उरलेले चार ब्रोट्शन, दगडासारखे, पाण्यात बुडवून. मग काही नाही.

अकराच्या सुमाराला हात थरथरायला लागले. सायकलवरची भूक पोटात आधी कळत नाही, स्वभावात कळते. मी नकाशावरून भांडलो. ती टायरवरून भांडली. हावेल नदीचा उगम आन्कर्सहागेनच्या जवळ आहे, त्याच गावात श्लीमान, ट्रॉय उकरणारा, लहानाचा मोठा झाला. दोन्ही पाटीपुरते पाहिले. उपाशी माणसाला ट्रॉय काय आणि तुरंबव काय.

मेक्लेनबुर्गच्या रस्त्यांना दुतर्फा झाडांची रांग असते, आणि काही रस्त्यांवर ती सफरचंदांची. खाली नुसता सडा. गाड्यांनी चिरडलेली, गांधीलमाश्यांनी पोखरलेली, आणि त्यांच्यामध्ये चांगली, छोटी, आंबट, टणक. सायकल टाकून मी खाली बसलो. पहिलं सफरचंद धुण्याआधीच संपलं. गांधीलमाशी मधल्या बोटाला चावली, तरी दुसरा हात थांबला नाही. अशा झाडांचा नकाशा २००९ पासून ‘मुंडराउब’ नावाच्या एका उपक्रमाने इंटरनेटवर मांडलेला आहे, आणि जर्मनीत अनेक जिल्ह्यांत मालक झाडाला पिवळी फीत बांधून ठेवतात: तोडा, न विचारता. आमच्या झाडाला फीत नव्हती. पण आम्ही फांदीला हात लावला नाही, खालचंच वेचलं. हे ‘टाकलेलं अन्न’ म्हणायचं का यावर आमचा अर्धा तास वाद झाला. तिचं म्हणणं, झाडाने टाकलंय. मी हरलो, कारण तोंड भरलेलं होतं.

वारेनला पोचेपर्यंत मी चौदा सफरचंदं खाल्ली होती. रात्री त्याचं जे व्हायचं ते झालं. त्याआधीच्या दोन दिवसांच्या पावाने जे अडवून ठेवलं होतं, त्याचाही निकाल लागला.

चौथा दिवस. वारेन ते ग्युस्ट्रो.

हा दिवस सगळ्यात मोठा. किलोमीटरने नाही, रात्रीने.

कचरापेटीतलं अन्न घेण्याला जर्मन तरुणांनी ‘कंटेनर्न’ असं क्रियापदच केलंय. कायद्याने ती चोरी आहे, कारण टाकलेला माल दुकानाच्या आवारात असेपर्यंत दुकानाचाच. म्युनिकजवळच्या ओल्शिंग गावात २०१८ च्या जूनमध्ये दोन विद्यार्थिनींनी सुपरमार्केटच्या कुलूपबंद पेटीतून फळं-भाज्या घेतल्या आणि पकडल्या गेल्या. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने त्यांना चोरीच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं: प्रत्येकी २२५ युरोंचा दंड, तोही पुन्हा गुन्हा केला तरच भरायचा, आणि ‘टाफेल’मध्ये आठ तास काम. टाफेल म्हणजे १९९३ मध्ये बर्लिनमध्ये सुरू झालेली, दुकानांचं उरलेलं अन्न गरजूंना देणारी संस्था. म्हणजे उरलेलं अन्न घेतल्याची शिक्षा काय, तर उरलेलं अन्न वाटणं. त्या दोघी पुढे घटना न्यायालयापर्यंत गेल्या. २०२० मध्ये तिथेही तक्रार दाखल करून घेतली नाही. आम्ही निघालो त्याच वर्षी जूनमध्ये राज्यांच्या न्यायमंत्र्यांपुढे हे कृत्य गुन्ह्यातून वगळण्याचा हाम्बुर्गचा प्रस्ताव आला होता, तो फेटाळला गेला. फ्रान्समध्ये मात्र २०१६ पासून ४०० चौरस मीटरहून मोठ्या सुपरमार्केटला विकला न गेलेला खाण्याजोगा माल नासवून टाकायला बंदी आहे, संस्थांशी देण्याचा करार करावा लागतो.

रात्री दहा वाजता एका सुपरमार्केटच्या मागे आम्ही उभे. कुंपण नाही, फाटक नाही, पेटीला कुलूप नाही. नियमात बसत होतं, कायद्यात नव्हतं. मी रस्त्याच्या दिव्याखाली थांबलो आणि सायकलची साखळी तपासायचं नाटक केलं. सावळा माणूस, रात्रीची वेळ, डोक्याला दिवा. जर्मनीत माझी अनेक वर्षं सरळ गेली आहेत आणि त्या पंधरा मिनिटांत मी प्रत्येक गाडीच्या दिव्याला पोलीस समजलो. शेजारणीने झाकण उघडलं आणि कमरेपर्यंत आत वाकली.

तिने जे बाहेर काढलं ते आम्ही तंबूपाशी प्लास्टिकवर मांडलं. जाळीच्या पिशवीत आठ संत्री, त्यातल्या एकाला हिरवी बुरशी. ते काढलं तर सात उत्तम, पण दुकानात जाळी उघडून सातची नवी जाळी बांधायला जो वेळ लागतो त्याचा पगार सात संत्र्यांपेक्षा जास्त. दहा अंड्यांचा खोका, एक फुटलेलं, बाकी नऊंना त्याचा बलक चिकटलेला, म्हणून दहाही गेली. द्राक्षं दोन पेट्या. दही सतरा डबे, तारीख उद्याची, हो, उद्याची. रविवारी दुकान बंद, सोमवारी नवा माल आला, म्हणून फळी मोकळी केली होती. एक जर्बेराची जुडी. पुदिन्याची कुंडी, जिवंत.

हे सगळं निघत असताना मागचं दार उघडलं आणि दुकानातल्या कपड्यांतली एक बाई सिगारेट ओढायला बाहेर आली. मी साखळीशी गोठलो. शेजारणीच्या हातात अंड्यांचा खोका. बाईने एक झुरका घेतला, म्हणाली, “मी काही पाहिलं नाही. झाकण नीट लावा, नाहीतर रॅकून येतात,” आणि उरलेली सिगारेट विझवून आत गेली. आपण रॅकूनच्या पंक्तीतले. पंगत म्हणावं तर म्हणावं.

अंडी एकेक पाण्यात टाकून पाहिली. तळाशी आडवी बसली ती चांगली, हे शेजारणीला तिच्या आईने शिकवलेलं आणि मला माझ्या. नऊची नऊ आडवी. ऑम्लेट गोड्या मसाल्याचं, तोंडी लावायला पुदिना. त्या रात्री मी इतकं जेवलो की सतरा दह्यांपैकी चौदा उरली, आणि तेव्हा कळलं की आता टाकणारे आम्ही आहोत. शेजारच्या तंबूत पोलंडहून आलेलं एक कुटुंब होतं. त्यांना सहा डबे दिले. कुठून आणले ते त्यांनी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? मला अजून नीट ठरवता येत नाही.

पाचवा दिवस. ग्युस्ट्रो ते रोस्टोक.

ग्युस्ट्रोच्या कॅथेड्रलमध्ये शिल्पकार एर्न्स्ट बारलाखचा आडवा तरंगणारा देवदूत आहे, नाझींनी नको म्हणून वितळवलेला आणि युद्धानंतर नव्याने ओतलेला. त्याच्याखाली पाच मिनिटं. बाकी वारा समोरून, द्राक्षं, दही, द्राक्षं.

रोस्टोकला शेजारणीच्या ओळखीच्या विद्यार्थ्यांकडे मुक्काम. त्यांनी एक गोष्ट सांगितली. फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या खानावळीत जेवून झालं की ट्रे सरकत्या पट्ट्यावर ठेवतात. काही विद्यार्थी त्या पट्ट्यापाशी उभे राहून ताटातलं उरलेलं उचलून खातात. त्यावरून तिथे चांगलीच जुंपली होती. सगळे हसले. मी हसलो नाही. म्हटलं, कचऱ्यातलं खाईन, पण हे नाही.

“का?” शेजारणीने विचारलं. “ते तर कचऱ्यात पडायच्या आधीचं.”

मला जर्मनमध्ये ‘उष्टं’ सांगता येईना. तोंड लागलेलं, म्हटलं. मग लाळेतून जंतू, म्हणाली. नाही, जंतू नाही. मग काय? शबरीची बोरं सांगितली, तर ती म्हणाली, म्हणजे तुमच्या देवाला चालतं.

सकाळी ती रेल्वेने बर्लिनला परतली. मसाल्याची डबी हलवून पाहिली, तळाशी चार चमचे.

सहावा दिवस. रोस्टोक ते गेडसर, पुढे न्युक्योबिंग.

बोट दोनेक तासांची. माझ्याजवळ फक्त पाव उरला होता, तोही काळा, आंबट, राईचा. विद्यार्थ्यांनी निघताना अजून तीन दिले होते. पाव कधी संपत नाही. आठवडाभर टाकलेल्यावर राहा, तुम्हाला कळेल की युरोपातल्या कचऱ्यात सगळ्यात जास्त काय आहे, आणि डाळ-कडधान्य किती थोडं. सहा दिवसांत मला शिजलेल्या डाळीची स्वप्नं पडायला लागली होती.

बोटीवर बुफे. काचेपलीकडे लोक ताटं भरून घेत होते. बाहेरच्या बाजूला ट्रे ठेवायची उभी गाडी होती, सात-आठ कप्प्यांची. मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो. योगायोगाने नाही. ट्रे येत होते, जात होते. एक आजोबा-आजी उठले, त्यांच्या ट्रेवर उकडलेल्या बटाट्याची वाटी, लोण्यासकट, हातही न लावलेली. तिच्या शेजारी माशाचा तुकडा, एका कोपऱ्यातून काट्याने तोडलेला.

बटाटे मी घेतले. ते उष्टे नव्हते, नुसते ताटातले होते, असं मी स्वतःला समजावलं. खाल्ले. गरम होते. मिठाची गरज नव्हती. मग माशाकडे पाहिलं. काटा लागलेली बाजू सोडून उरलेलं कापून घेता येईल, असा विचार आला आणि त्याच क्षणी तो विचार मला आजीच्या आवाजात ‘शी’ म्हणाला. आजूबाजूला कुणी बघत नव्हतं. ट्रे नेणारा मुलगा आला, गाडीला हात लावला. मी मासा उचलला. तोडलेल्या बाजूसकट खाल्ला. त्या मुलाने पाहिलं, थांबला, आणि दुसऱ्या ट्रेवरची न फोडलेली लोण्याची चौकोनी पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवून गाडी घेऊन गेला. माझे कान पेटले होते. चव आठवत नाही.

गेडसरला उतरलो तर आईचा फोन. संत्र्यांचा फोटो भावाला पाठवला होता, तो अर्थातच तिच्यापर्यंत पोचला होता.

“कचऱ्यातलं खातोयस?”

“अगं, कचरा म्हणजे आपला उकिरडा नव्हे. बंद पाकिटं असतात. इथे दरवर्षी कोटीभर टनांच्या वर अन्न वाया जातं.”

“ते राहू दे. कुणाचं उष्टं नाही ना खाल्लंस?”

समोर समुद्र होता. गेडसर हे डेन्मार्कचं दक्षिण टोक.

“नाही,” मी म्हटलं.

“मग ठीक आहे. जपून ये.”

सातवा दिवस. न्युक्योबिंग ते प्रेस्टो.

डेन्मार्कमध्ये शेतकऱ्यांनी रस्त्याकडेला मांडलेल्या छोट्या टपऱ्या असतात, माणूस नाही, फक्त पैशांचा डबा. बहुतेक माल माझ्या नियमाबाहेर. पण एका टपरीखाली क्रेटमध्ये हाताएवढे कुर्जेट, म्हणजे झुकिनी, वर पाटी ‘ग्राटिस’, फुकट. उशिरा तोडलेले, जून, बिया मोठ्या. आई दुधी जून झाला की जसा साल काढून, बिया काढून शिजवते तसे शिजवले. शेवटचा मसाला त्यात गेला.

स्टुब्बेक्योबिंगहून ‘इडा’ नावाच्या छोट्या बोटीने बोगो बेट, तिथून मोन, मग क्वीन अलेक्झान्ड्रीन पुलावरून शेलँड. धुकं इतकं की पूल अर्धाच दिसला. पाठीमागच्या पिशवीत पाव, पाव, पाव.

आठवा दिवस. प्रेस्टो ते कोपनहेगन.

शंभराच्या वर किलोमीटर. स्टेव्हन्सचे खडूचे कडे बघायचे होते, राहिले. क्योगेनंतर वस्ती दाट होत गेली.

डेन्मार्कमध्ये कचरापेटीतून अन्न घेण्याला ‘स्क्राल्ड’पासून, म्हणजे कचरा या शब्दापासून, ‘स्क्राल्डे’ असं क्रियापद आहे. पण मला इथे पेटी शोधावीशीच वाटली नाही, कारण दुकानांच्या आतच फ्रिजचा एक कोपरा आजच्या तारखेच्या, उतरलेल्या किमतीच्या मालासाठी. मॉस्कोत जन्मलेल्या आणि तेराव्या वर्षी इथे आलेल्या सेलिना यूल या बाईने २००८ मध्ये ‘अन्न वाया घालवणं थांबवा’ अशा अर्थाच्या नावाची चळवळ सुरू केली. त्याच वर्षी रेमा १००० या दुकानसाखळीने जास्त घेतलं तर स्वस्त पडणाऱ्या सवलती बंद केल्या, म्हणजे एकट्या माणसाला तीन कोबी घ्यायला लावणं बंद. एका दुकानात दुधाच्या खोक्यावर तारखेशेजारी छापलेलं पाहिलं: ‘अनेकदा नंतरही चांगलं’. आजीने लिहिलं असतं तर असंच.

आणि तरीही सांगतो, सुपरमार्केटच्या पेट्या दिसतात म्हणून आपण त्यांच्यावर दात खातो. जर्मनीत वाया जाणाऱ्या अन्नात दुकानांचा वाटा दहा टक्क्यांच्याही आत आहे. निम्म्याहून जास्त घराघरांतून जातं. शेजारीण हे आकडे मला पहिल्या दिवसापासून ऐकवत होती, आणि मी रोज रात्री पेटीच्याच गोष्टी ऐकायला मागत होतो.

संध्याकाळी पाचला नगरभवनाच्या चौकात सायकल उभी केली. नियम संपले. तिथून शहराच्या आमागर भागात गेलो. तिथे २०१६ च्या फेब्रुवारीत ‘वीफूड’ सुरू झालं. तारीख उलटलेला, खोकं चेपलेला, लेबल चुकलेला माल विकणारं, स्वयंसेवकांनी चालवलेलं दुकान. आठ दिवस मी जे चोरट्यासारखं मिळवत होतो ते इथे उजेडात, फळीवर, किंमत लावून. आत मला लाल मसूर दिसला. तारीख चार महिन्यांपूर्वीची. मसुराला चार महिने म्हणजे काय! काउंटरवरच्या काकांना मी नोट दिली तेव्हा हातात पैसे धरणं विचित्र वाटलं.

होस्टेलच्या स्वयंपाकघरात मसूर चढवला. मसाला नव्हता, नुसती हळद, मीठ, उरलेली मोहरी. मागच्या बर्नरवर एक ब्राझिलियन मुलगी नूडल्स करत होती, तिला वाटी दिली. ती म्हणाली, पाव आहे का? आहे की, म्हटलं, पाहिजे तेवढा. पिशवी टेबलावर रिकामी केली. राईचे दोन अख्खे, तिसरा अर्धा. आम्ही आमटीत बुडवून खाल्ले, मग तिने अजून दोघांना बोलावलं.

पिशवीच्या अगदी तळाशी, टायर दुरुस्तीच्या डबीखाली, फ्युर्स्टेनबेर्गकडच्या त्या बेकरीतल्या मुलीने दिलेलं एक ब्रोट्शन निघालं. सहा दिवस तिथेच. एका बाजूने हिरवं, दुसऱ्या बाजूने काळं, केसाळ. रविवारी रानात हात थरथरत होते तेव्हाही ते तिथेच होतं. मी वास घेतला, डोळे मिटून. मग उठलो आणि ते ओट्याखालच्या हिरव्या डब्यात टाकलं.